एक कमी

पहिल्या रात्री तो ताट घेऊन उभाच राहिला,
चुलीपासून चार पावलांवर, भिंतीला खांदा लावून.
पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही,
तरी रांगेत.
"लोकेश, बस ना भो. जेवाले बस."
बसला नाही. ताट तेवढं पुढे केलं.
एक भाकरी वाढली. दुसरी वाढायला गेले
तर माझ्या हाताकडे असा बघत राहिला
जशी चूक मी करतेय
आणि लिहिली जाईल त्याच्या नावावर.

जळगावच्या बालगृहात साडेसातला घंटा व्हायची.
आमच्या फैजपुरात साडेसातला
समोरच्या गिरणीचा पट्टा थांबतो, एवढंच.
तो थांबला की पोरगं उठायचं,
हात धुवायचं, येऊन उभं राहायचं.

मी वांगी भाजली अंगणात, तुराट्यांवर,
बामणोदची, हिरवी, लांबट.
मिरची-लसूण बडगीत ठेचून, कांद्याची पात, शेंगदाणे,
केळीच्या पानावर वाफ निघतेय असं भरीत.
माझ्या भरितापुढे कुणी नाही म्हटलेलं नाही आजवर.
त्यानं पानाच्या कडेला एक बोट लावलं, विचारलं,
"वरण-भात नाही का?"
इंदूमावशी तोंडाला पदर लावून हसली.

मग वरण केलं. त्यालाच विचारत.
फोडणी? नको. लसूण? नको.
"अजून पाणी," तो म्हणाला. "अजून."
मी ओतत गेले. तळ दिसायला लागला वरणाचा.
माझ्या आईनं पाहिलं असतं तर पळीच फेकून मारली असती.
तीन वाट्या प्याला.

आमचे हे कमी बोलतात.
भुसावळच्या यार्डात मालगाडीचे डबे जोडण्यात हयात गेली.
आठव्या दिवशी यांनी आपलं ताट उचललं
आणि जाऊन लोकेशच्या मागे उभे राहिले.
गुडघा दुखतो, तरी.
मीही मग पदर खोचला, ताट घेतलं, यांच्या मागे.
तिघं रांगेत. वाढायला कुणीच नाही.
पोरानं वळून पाहिलं, एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे,
आणि हसला. पुढचा दात पडलेला.
मग डाव त्यानंच हातात घेतला.
यांना एक डाव, मला एक डाव,
काठाशी बोटानं निपटून, अगदी सारखं,
जसं त्याला मिळत आलं होतं.

होळी झाली. ज्वारी तीन दिवस भिजली, वाळली, दळली.
मोठ्या पातेल्यात बिबड्यांचा घाटा रटरटला,
तीळ, जिरं, लसूण.
वाटीत गरम घाटा दिला, वर कच्चं तेल.
"अजून घेऊ?"
घे म्हटलं की घ्यायचा.
थोड्या वेळानं परत, "अजून घेऊ?"
समितीच्या कागदावर एक वर्ष लिहिलंय,
पुढचं पुढे बघू म्हणाल्या बाई.
मीही हल्ली झोपताना विचारते कुणाला तरी,
अजून घेऊ?

गच्चीवर बाजांवर धोतराचे तुकडे, त्यांवर बिबडे.
विकायचे असतात, म्हणून मोजते. एकशे बारा.
त्याला राखणीला बसवलं, हातात काठी,
कावळे येतात, खारी येतात.
चार वाजता वर गेले.
तिसऱ्या ओळीत एक जागा गोल, ओलसर, रिकामी.
काठी पडलेली.
पोरगं टाकीमागे, गाल फुगलेला, ओठांवर तीळ.

विचारलं नव्हतं.

"कावळ्यानं नेला," तो म्हणाला.
"नेला असंल. लई माजलेत मेले कावळे."
खाली आले. वहीत एकशे बारा खोडलं,
एकशे अकरा लिहिलं,
आणि इंदूमावशी हाका मारत होती तरी
तशीच बसून राहिले वहीवर हात ठेवून.

साडेसातला गिरणीचा पट्टा थांबला.
तो ओट्यावर गोट्या मांडत होता.
"लोकेश, जेवाले ये."
मान वर न करता म्हणाला,
"थांब ना. भूक नाही मला."